नरनाळ्यावरून खाली आलेली छागल

शहानूर, रविवार, एप्रिल १९५९. दिवेलागण.

अरविंदला वर गडावर सोडून आलो. अकोल्याहून इथवर दोघे पायी आलो, आणि गडाच्या महाकाली दरवाज्याच्या पायरीवर त्याचा घोटा मुरगळला. पाय टेकवेना. "तू जाय, मानसं घेऊन ये. मी बसतो इथं," म्हणाला. मी धावत उतरलो.

गावचा कोतवाल ऐकत नाही. "वाघाचं रान हाये, मास्तर. अंधारात कोनी नाही येत. सकाळी जाऊ." पाया पडलो त्याच्या. सकाळपर्यंत अरविंद काय करील?

गडाच्या दर दरवाज्याला पाण्याची कापडी छागल एकमेकाला द्यायची, हा आमचा नेम. महाकालीशी त्यानेच ती माझ्या खांद्यावर अडकवली. "घे, आता तू." हसला, वळला आणि पडला. आणि मी ती तशीच घेऊन पळालो! उतारभर मांडीवर आपटत होती, तरी कसं कळलं नाही?

कोतवालाच्या बायकोने तांब्या पुढे केला, तेव्हा कळलं. प्यालो नाही.

छागल अजून अर्धी भरलेली आहे. कापडातून पाझरून माझा सदरा भिजला. त्याचं पाणी अंगावर घेऊन मी इथे बसलो आहे.