वायुवीर कारभारीकाकांची मुलाखत

३ एप्रिल
संस्थेचं नाव फायनल: वायुवीर स्मृती प्रतिष्ठान. अध्यक्ष मी. सचिवही मीच, कारण सगळ्या मस्तगडात दुसरा लायक माणूस सापडला नाही. एकाहत्तरच्या लढाईत विमानांची इंजिनं सांभाळलेले जिल्ह्यात आता एकटे आष्टीचे कारभारीकाका उरलेत. अंकुशनगरला आणखी एक होते. त्यांच्या सत्काराची शाल आणली आणि ते वारले. काकांच्या आठवणी रेकॉर्ड झाल्या नाहीत तर सगळं त्यांच्याबरोबर जाईल. फार भीती वाटते.

६ एप्रिल
आष्टी. वीस प्रश्न विचारले. काका नुसते हसले. म्हटलं, थोर माणसं अबोलच असतात.
त्यांच्या सूनबाई मालनबाई म्हणाल्या, अबोल कशाचे शेठ, इंजिनाच्या आवाजानं कान गेलेत त्यांचे. संभाजीनगरला माजी सैनिकांच्या दवाखान्यात मशीन भेटतं, तुमची गाडी हाय, घेऊन चला.
बिलकुल म्हणालो. सोमवारी नक्की.

सोमवार
जमलं नाही. फ्लेक्सचं काम. छापणाऱ्याने प्रवासी विमान टाकलंय, पण लांबून कळत नाही.

२२ एप्रिल
काल भव्य सत्कार! प्रमुख पाहुणे तीन तास उशिरा. उन्हात काकांना लोकरी शाल घातली, त्यांना चक्कर आली. घरी आल्यावर आमची प्रेमबाई मला वाट्टेल ते बोलली. बायकोला कार्यातलं काही कळत नाही. पेपरात फोटो आला. मी स्पष्ट दिसतो.
मालनबाई म्हणाल्या, कवापासून सांगून राह्यले, मशीनचं काय? हात जोडून सांगितलं, पुढचा आठवडा. पक्कं.

९ मे
मालनबाई काकांना एसटीनं घेऊन गेल्या आणि मशीन बसवून आणलं. मला साधा फोन नाही. वाईट वाटलं. मग विचार केला, प्रेरणा तर आपलीच. अहवालात घेऊ.

१२ मे
मुलाखत झाली! काकांना सगळं ऐकू येतं. दोन तास! गाडीत रडूच आलं. इतिहास वाचवला मी.
प्रेमबाईने विचारलं, काका काय म्हणाले? म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये आहे सगळं.

१५ मे
सकाळी मालनबाईंचा फोन. काका झोपेतच गेले. रडत होत्या. म्हणाल्या, शेठ, त्यांचा आवाज तुमच्यापाशी हाय, हेच लई झालं. दहाव्याला आणा, लेकरांला ऐकवू.
रेकॉर्डिंग लावलं. संस्थेची उद्दिष्टं. माझं बालपण. पुढचे संकल्प. मध्ये मध्ये काका: हां. बराबर. हां.
एका जागी ते म्हणतात, त्या राती आमचं एक विमान परत आलं न्हाई, मंग मी धावपट्टीवर... आणि मी म्हणतो, काका, एक मिनिट, आधी प्रतिष्ठानबद्दल दोन शब्द बोला.
परत परत लावलं. दर वेळी मीच मध्ये बोलतो.
दहाव्याला काय घेऊन जाऊ?