मालुआत्तीचं पोटॅशियम

सोमवार, ७ एप्रिल. सकाळी ६.
आजपासून शिस्त. येळ्ळूर ते उचगाव, अकरा वर्षं घरोघरी जाऊन रक्त काढतोय. बेळगावच्या आमच्या लॅबमध्ये माझ्याइतका हलका हात कुणाचा नाही. तरी नव्या टेक्निशियन दीप्ती मॅडमनी भिंतीवर कागद लावलाय: ट्यूब हिंदकळू देऊ नका, उन्हात ठेवू नका, दोन तासांत लॅबला आणा, लेबलवर खरी वेळ लिहा. मॅडमचं वय पंचवीस. बाईमाणसाचा मान राखायचा म्हणून पाळणार.

मंगळवार, ८ एप्रिल.
तीन सॅम्पल परत. रक्त फुटलंय म्हणाल्या. वरचं पाणी पिवळं यायला हवं, तांबडं आलं. रस्ता काय मी केलाय? उद्यापासून गाडी तीसवर.

शुक्रवार, ११ एप्रिल.
तीसवर जमली नाही. मागचे हॉर्न मारतात.
येळ्ळूरच्या मारुतीरावांची साखर ६४ आली. माणूस बारा वर्षं डायबेटिसचा. साखरेची वेगळी ट्यूब संपली होती, साधीत घेतलं. वाटेत एका बारशाला थांबलो, ट्यूब चार तास डिकीत. मॅडम म्हणतात, ट्यूबमधलं रक्त आपली साखर खातच राहतं. लेबलवर साडेसहाऐवजी दहा टाकलं होतं, उगाच वाद नको म्हणून. मारुतीरावांनी आनंदानं गोळी सोडली. आनंदात माणूस बरा होतो.

गुरुवार, १७ एप्रिल.
मॅडमनी अर्धा तास शिकवलं. रक्त हिंदकळलं की पेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, १९ एप्रिल. सकाळी ९.
उचगावला मालुआत्तीचं रक्त. लांबच्या नात्यातली. किडनीचं दुखणं, पाय सुजलेत. सून नीलम हात धरून बसली होती. सगळं नियमानं. शीर पहिल्या टोचणीत. ट्यूब उभी, डबा सावलीत, गाडी तीसवर, पन्नास मिनिटांत लॅब. मॅडमनी ट्यूब घेतली आणि मशीनकडं वळल्या. कौतुक जड जातं एकेकाला.

त्याच दिवशी, ११.३०.
मॅडमचा फोन. पोटॅशियम ६.९. हृदय कधीही बंद पडेल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला सांगा म्हणाल्या. फॉर्मवर नंबर मी माझाच टाकतो. रिपोर्ट माझ्या तोंडून ऐकायला लोकांना बरं वाटतं.
मी पिरनवाडीत. चुलतभावाचं लग्न, १२.१०चा मुहूर्त. विचार केला. उचगावच्या वेशीवर एक खड्डा चुकला नव्हता. तेवढ्यानंच. नीलमला फोन करून सांगितलं, रक्त वाटेत हिंदकळलंय, आकडा खोटा आहे, सोमवारी परत घेतो. ती म्हणाली, आत्तींना सकाळपासून हातपाय उचलवत न्हाईत. उन्हानं होतं तसं, म्हटलं.
मॅडमना कळवलं, घरच्यांना फोन केला. यात खोटं काही नाही. केलाच की.

रविवार, २० एप्रिल.
मालुआत्ती गेली. सकाळी न्हाणीजवळ बसली ती उठलीच नाही. दुपारी माती झाली. खांदा दिला. वय झालंच होतं. एकसष्ट. किडनीवाल्यांचं असंच असतं.

सोमवार, २१ एप्रिल.
मॅडमनी शनिवारची ट्यूब खिडकीत उजेडाला धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं. आवाज न चढवता म्हणाल्या, “अण्णा, मी आल्यापासून हे एकच सॅम्पल तुम्ही नीट आणलं होतं.”
खड्ड्याचं सांगणार होतो. डबा उचलला आणि निघालो.

मंगळवार, २२ एप्रिल.
तिसऱ्या दिवसाला उचगावला गेलो. माणसं पांगल्यावर नीलमनं गोठ्याकडं बोलावलं. विचारलं, “अण्णा, त्यो आकडा खोटाच हुता न्हवं?”
खोटाच, म्हटलं.
तिनं पदरानं डोळे पुसले. “बरं झालं सांगितलासा. आमीच दवाखान्यात न्हेलं न्हाई, ह्येच लागून हुतं मनाला.”
मी मान हलवली.