म्हशीचं इंजिन

दि. ४ एप्रिल

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. कालच फोन झाला आणि आज आईला पत्र लिहायची काय हौस आली, असं म्हणशील. हौसच समज. फोनवर तुझे बाबा शेजारी बसून असतात आणि गाडीचा विषय निघाला की मला तोंड उघडायला जागा राहत नाही.

तर आपल्या म्हशीची खबर. व्हॅनला म्हैस म्हटलेलं त्यांना अजूनही खपत नाही, पण सात माणसं पोटात घेऊन डुलत चालणाऱ्या गाडीला दुसरं काय म्हणायचं? तिचा सरकता दरवाजा अर्ध्यावर अडकतोय. मिस्त्री म्हणाले, खालचा रूळ वाकलाय, पत्राही ठोकून घ्यावा लागेल. डावीकडचे दोन्ही टायर कडेने झिजलेत. ब्रेकपॅड थंडीत नवे घातले होते, तेही संपले. "काकू, पॅड इतक्या लवकर जात नाहीत," मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, आजकाल मालच तसा येतो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग पान्याने काहीतरी पिळायला लागले.

या गाडीवर वर्षभरात जेवढं ओतलं, तेवढ्यात एखादं लग्न उरकलं असतं. असो.

सांगायचं ते हे, की सुट्टीत याल तेव्हा स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. गाडीचा एसी चालत नाही. मुलांना उकडेल.

जावईबापूंना विचारल्याचं सांग.

तुझी,
आई


दि. १९ एप्रिल

चि. छकुलीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तू बाबांना फोन करून एसीचं विचारलंस आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॅस भरून आणला. आता गाडीत बर्फ पडेल एवढा गार वारा येतो. धन्य तुम्ही बापलेक.

पण आता क्लचप्लेट जळाली आहे. मिस्त्रींनी दाखवली, अगदी काळी ठिक्कर. बॅटरी दोनदा उतरली, दिवे चालू राहिले म्हणून. आणि त्या पंपावरच्या माणसाने पेट्रोलच्या गाडीत डिझेल घातलं. टाकी रिकामी करून धुवावी लागली, फिल्टर बदलला, गाडी आठवडाभर गॅरेजात होती. पंपावर जाऊन भांडायला हवं होतं म्हणशील. जाऊ दे ग, कुठे तोंड वाजवायचं.

विकून टाका म्हणून लिहिलंस. विकायचं नाव काढलं की हे जेवणावरून उठतात. त्यांचंही चूक नाही. तुला ताप असताना परीक्षेला याच गाडीतून नेलं होतं, मागच्या सीटवर झोपवून. तुझं सामान सासरी पोचवायलाही हीच गेली. परत येताना तुझे बाबा सबंध रस्ता एक शब्द बोलले नव्हते, आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

मुलांना मागच्या सीटवर बसून आजोबांबरोबर यायचंय, हे वाचलं. छकुले, टॅक्सी कर. कारण विचारू नकोस. जन्मात एकदा तरी आईचं ऐक.

आई


दि. २९ एप्रिल

प्रिय छकुली,

तुझं रागाचं पत्र आलं. आमचं भांडण झालंय का, मी बाबांना तुमच्यापासून तोडतेय का, असं विचारलंस. वाईट वाटलं, पण तुझं बरोबर आहे. मी इतकी टोलवाटोलवी केल्यावर तू तरी दुसरं काय समजणार?

गाडीला काही झालेलं नाही. गाडी धडधाकट आहे.

दरवाजा वाकला तो आपल्याच फाटकाचा खांब लागून. इतकी वर्षं डोळे मिटून ज्या फाटकातून गाडी आत घेतली, त्याच फाटकाचा. टायर झिजले ते फुटपाथला घासून. क्लच जळाला, कारण बाजारापासून घरापर्यंत त्यांनी पहिला गिअर बदललाच नाही. पंपावर डिझेल मागितलं ते यांनीच, तो बिचारा दोनदा विचारत होता. मी शेजारच्या सीटवर होते आणि गप्प बसले. आणि ब्रेकपॅड संपतात, कारण त्यांचा पाय सारखा ब्रेकवर असतो. भीती वाटते ग त्यांना. गाडी चालवायची भीती वाटते, आणि तसं म्हणायचीही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. विसरण्याचा आजार आहे. वाढत जाणार म्हणाले. परवा तुझा फोन ठेवल्यावर मला हळूच विचारलं, "कोण बोलत होती?"

तरीही मी किल्ली काढून घेतली नाही. कुठल्या तोंडाने घ्यायची? त्यांच्याकडे आता आपलं म्हणावं असं तेवढंच होतं. मला वाटलं, तुम्हाला टॅक्सीने आणलं की झालं, बाकी मी शेजारी बसून सांभाळून घेईन.

मग गेल्या गुरुवारी चौकात सिग्नल हिरवा झाला आणि हे थांबूनच राहिले. मला म्हणाले, "आता कुठे वळायचं?" घराच्या रस्त्यावर होतो आम्ही. मागून हॉर्न सुरू झाले, तसे ते घाबरले आणि गाडी एकदम पुढे गेली. शाळा सुटली होती. एक मुलगी रस्ता ओलांडत होती. गाडीचा आरसा तिच्या दप्तराला लागला आणि फुटला. तिला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण ती तुझ्या धाकटीएवढी होती. उतरून तिला जवळ घेतलं, दप्तर झटकून दिलं. परत येऊन बसले तर हे म्हणाले, "आरसा बदलून घ्यायला हवा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आरसा बदलायला गाडी नेली, तेव्हा मी गॅरेजात गेले आणि त्यांना म्हटलं, तुम्ही आता खोटं बोला. त्यांनी इंजिनातली एक वायर काढली, गाडी ओढून आपल्या दारात आणून लावली, आणि मान खाली घालून यांना सांगितलं, "साहेब, इंजिन गेलं. आता खर्च करू नका."

चहा झाल्यावर हे बाहेर गेले आणि बॉनेट उघडलं. मी खिडकीतून बघत होते. छकुले, ज्यांना घरचा रस्ता आठवत नाही, त्यांचा हात नेमका त्या जागी गेला. सुटी वायर त्यांनी दोन बोटांत धरली आणि किती वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. मिस्त्रींना बोलावतील, मला विचारतील.

त्यांनी वायर होती तशी ठेवली. बॉनेट लावलं. आत येऊन हात धुतले आणि म्हणाले, "मिस्त्री बरोबर सांगतात. इंजिन गेलंय." मी बरं म्हटलं. मग म्हणाले, "छकुलीला कळव. गाडी बिघडल्यामुळे स्टेशनवर येता येणार नाही. एवढंच लिही, जास्त काही लिहू नकोस."

मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्यांनी एवढंच लिही म्हटलं होतं, मी सगळं लिहून बसले. तरी तू इथे आलीस की तुला एवढंच माहीत आहे, असं वाग. मुलं आजोबांच्या मागे लागतील, चक्कर मारू या म्हणून. त्यांनाही घरूनच सांगून आण की इंजिन गेलंय. आणि शक्यतो लवकर ये. सुट्टी लागायची वाट बघू नकोस.

बाबांनी आशीर्वाद सांगितले आहेत. आज तुझं नाव घेऊन सांगितले.

तुझी,
आई