चार प्रश्न

प्रिय मोसेले,

काल दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तू बाळाचं, खोत्सोचं, हसणं ऐकवलंस आणि मला पुढे बोलवेना. म्हणून हे पत्र मासेरू शहरात येणाऱ्या ड्रायव्हर ताऊच्या गाडीतून पाठवते आहे. दुपारपर्यंत मिळेल. कारखान्यात उघडू नकोस, घरी बसून वाच.

आपली आई पुन्हा आमच्याच इस्पितळात आहे. पाय बरा आहे, पण शुक्रवारी खोकताना रक्त पडलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय आहे, दोन्ही फुप्फुसांत. गोळ्या सुरू झाल्या, पण मक्याच्या लापशीचे दोन घासही पोटात राहत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झाला, लिम्फो. आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

माझं काम तुला ठाऊक आहे. मोडलेला हात असो की बाळंतपण, भरती होणाऱ्या प्रत्येकाला मी चार प्रश्न विचारते. खोकला आहे का? ताप येतो का? रात्री घाम सुटतो का? वजन उतरलंय का? एकाला जरी 'हो' आलं, तरी थुंकीची डबी हातात द्यायची. आठ वर्षांत एकही खाट मी सोडली नाही, असं सगळ्यांना सांगत आले.

मार्चमध्ये आई घोड्यावरून पडली आणि पाय मोडून आली, तेव्हा तिच्याही खाटेशी कागद घेऊन गेले. ती खोकत होती. म्हणाली, "चुलीचा धूर आहे." मी म्हटलं, "आई, डबीत थुंक, दोन दिवसांत कळेल." तशी तिनं माझं मनगट धरलं. "सगळ्या बायांसमोर? तुझा बाप खाणीतून हा आजार घेऊन आला, तेव्हा आपल्या दारचं पाणी कुणी पीत नव्हतं. विसरलीस? नाही लिही आणि पुढच्या खाटेकडे जा." पलीकडची म्हातारी कान टवकारून ऐकत होती. मोसेले, मी चारही ठिकाणी 'नाही' लिहिलं.

तीन आठवडे ती बायांच्या त्या दालनात होती. आज मेट्रनना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या दालनातल्या बायांची यादी काढ, प्रत्येकीला शोधायचंय." सतरा नावं निघाली. कान टवकारणारी म्हातारी गेल्या महिन्यात वारली. कशानं, ते तिच्या घरी कुणाला सांगता येत नाही. काम राहील की नाही, माहीत नाही. त्याचं काही वाटतही नाही.

यादीत अठरावं नाव मी लिहिलं. इथून सुटल्यावर आई दोन महिने तुझ्याकडे होती. तू कामावर जायचीस आणि खोत्सो दिवसभर तिच्या कुशीत, तिच्याच ब्लँकेटात असायचा. तो सात महिन्यांचा आहे. एवढ्या लहानांच्या मेंदूपर्यंत हा आजार पोचतो, मी पाहिलंय. पत्र खाली ठेव, त्याला पाठीवर बांध आणि आजच्या आज दवाखान्यात ने. घरात क्षयाचा रोगी होता असं सांग. हसतोय, खेळतोय म्हणून परत पाठवतील, तरी उठू नकोस. तूही तपासून घे. मला शिव्या नंतर दे, हव्या तेवढ्या.

तुझीच,
लिम्फो