एकाची बटणं, दुसऱ्याचं हँडल

कोल्हापूर
१६ मार्च २००८

प्रिय विजू,

पाकीट हातात पडल्यावर तू ते दोनदा उलटंसुलटं करशील आणि वहिनींना हाक मारून म्हणशील, "पश्याला खूळ लागलंय काय गं? फोन हाय की त्याच्याकडं!" फोन आहे रे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी जरा मनातलं काढायला लागलो की तू म्हशींचं काढतोस, राधानगरीच्या पावसाचं काढतोस आणि "बरं ठेवतो, धारंची येळ झाली" म्हणून मोकळा होतोस. कागदात तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून कागद. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.

घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखतात, तरी रोज संध्याकाळी विहारापर्यंत चालत जाऊन येते. अक्षताची अंगणवाडीतली नोकरी चालू आहे. आर्यन सहावीत आहे आणि तुमच्या पेठेतल्या तालमीच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. परवा गुडघा फोडून आला आणि वर मलाच सांगतो, "विजूकाका तर म्हणत्यात, रगत आल्याबिगार ख्योळ झाला असं म्हणूच नये." असली अक्कल तू त्याला फोनवरून शिकवतोस, हे मला आत्ता कळलं.

दुसरं असं की गेल्या आठवड्यात बाळासो भेटला. इचलकरंजीत ज्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तो. त्यानं तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला धड झोप नाही, आणि रागही नाही. त्या गोष्टीकडे येतो. त्याआधी पाच वर्षांपूर्वीचे ते दिवस मला माझ्या बाजूनं सांगायचे आहेत. तू तेव्हा रोज समोर होतास, पण माझ्या आत काय चाललंय ते मी तुला कधी कळू दिलं नाही.

हात गेला तो ऑगस्ट २००२ मध्ये. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मी प्रेसवर होतो, पत्र्याचे वॉशर काढायचो. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा आणि तळवा राहिला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. तू यायचास, तालमीतल्या गमती सांगायचास, मी 'हं' म्हणायचो. आई भात कालवून द्यायची, मी चमच्यानं खायचो. चमचा डाव्या हातात नीट धरता यायचा नाही, म्हणून हळूहळू सगळ्यांबरोबर जेवायला बसायचंच सोडलं.

त्याच दिवाळीत अक्षताच्या भावानं पुण्याहून भाच्याला, आर्यनला, जुनं प्लेस्टेशन आणलं, टीव्हीला जोडायचा गेमचा डबा. पोरगं सहा वर्षांचं. त्याला एवढंच ठाऊक होतं की बाप एके काळी विजूकाकाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातला राजा होता, एका नाण्यावर अख्खी दुपार काढायचा. त्यानं एक रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. तो रिमोट दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी खेळायचा असतो. माझ्या उजव्या तळव्यात तो थांबेना. धरायला बोटंच नव्हती. तीनदा घसरला. चौथ्यांदा मी तो भिंतीवर फेकला. आर्यन रडला नाही. त्यानं रिमोट उचलला, शर्टाला पुसला, माझ्याकडे पाठ करून बसला आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून एकटाच खेळायला लागला. विजू, प्रेसखालचं दुखणं त्यापुढं काहीच नव्हतं.

हे अक्षतानं तुला सांगितलं असणार. कारण त्यानंतरच्या रविवारी सकाळी तू टेंपो घेऊन दारात उभा राहिलास. मागे तालमीचे चार गडी आणि दोऱ्यांनी बांधलेलं, दुकानातल्या गेमच्या मशिनीचं ते उंच खोकं. दुकान बंद केल्यावर बाकीच्या मशिनी तू विकल्यास, ही एक घरी ठेवली होतीस. दारातून जाईना म्हणून चौकट खरवडली, आईनं तुला शिव्या घातल्या, तू तिच्याकडून दोन कप चहा वसूल केलास. मग मला म्हणालास, "हिचा बोर्ड मेलाय. आर्यनचा डबा हिला जोडायचा. मला त्यातलं काय बी कळत न्हाय. दुकान होतं तवा मिरजेचा मेकॅनिक यायचा. तू आयटीआय झाल्यालास. तू बसून सांग, मी करतो."

मी म्हणालो, मला जमणार नाही. तू म्हणालास, "तुला कोण कर म्हणतंय? नुसतं सांग की."

मग आपण मागची फळी काढली. आत उंदरांनी केलेलं घर, जळका वास, आणि मेलेल्या बोर्डाकडे जाणाऱ्या तारांचा गुंता. पण प्रत्येक बटणाखालची कळ शाबूत होती. दाबलं की टक् व्हायचं. त्या आवाजानं माझं लक्ष गेलं, हे तुला कळलं होतं का रे? मी खुर्ची पुढं ओढली. प्लेस्टेशनचा एक रिमोट खोलायचा, त्यातल्या छोट्या हिरव्या पट्टीवर प्रत्येक बटणाची एक जागा असते, ती खरवडून तांबं उघडं करायचं, तिथं तार जोडायची आणि दुसरं टोक खोक्यातल्या कळीला. म्हणजे खोक्याचं बटण दाबलं की डब्याला वाटणार, रिमोटचंच दाबलं. मी हे सांगत गेलो आणि तू मान हलवत गेलास, जसं काही पहिल्यांदाच ऐकतोयस.

आणि तुझं ते सोल्डरिंग! म्हशीनं पोवटा टाकावा तसा कथलाचा गोळा तू त्या नाजूक पट्टीवर टाकलास. दोन जागा एकमेकींना चिकटवल्यास. मी ओरडलो, तू "चुकलं गा" म्हणून परत तसंच केलंस. तिसऱ्या वेळी पट्टी जळायची वेळ आली तेव्हा मी तुझ्या हातातून सोल्डरिंग गन हिसकावली, डाव्या हातात. उजवा तळवा मी कापडात गुंडाळून ठेवायचो, ते कापड मी स्वतः सोडलं आणि त्या तळव्यानं तार फळीवर दाबून धरली. पहिला टाका हलला. दुसरा बरा बसला. तू खिडकीशी जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, बिडी ओढायला गेलास.

महिनाभर चाललं ते काम. खोक्याचा जुना पडदा डब्याच्या चित्राला चालेना, म्हणून तो काढून आमचा घरचा टीव्ही आत बसवायचा ठरला. टीव्ही दीड इंचानं जास्त रुंद निघाला, आतल्या लाकडी पट्ट्या कापाव्या लागल्या. पहिल्यांदा सगळं चालू केलं त्या दुपारी आर्यननं हँडल वर ढकललं आणि पडद्यावरचा पैलवान खाली बसला. खाली ओढलं तर उडी मारली. तू हसून हसून जमिनीवर लोळलास. हँडल वर ढकललं की खालची कळ दाबली जाते, हे मला कळायला अर्धा तास लागला. मग वरच्या-खालच्या तारा बदलल्या. डाव्या-उजव्याचंही तेच झालं होतं, त्याही बदलल्या.

पण खरी अडचण राहिलीच होती. त्या खोक्यात दोन्ही खेळाडूंचं हँडल डाव्या हाताला आणि बटणं उजव्या हाताला. सहा बटणं एका अंगठ्यानं कशी दाबणार? मी मनातून ते सोडून दिलं होतं. आर्यन खेळेल, मी बघेन, एवढंही पुष्कळ होतं. तेवढ्यात तू परत घोळ घातलास. तारा पक्क्या करताना पहिल्या खेळाडूची बटणं आणि दुसऱ्या खेळाडूचं हँडल तू एकाच रिमोटला जोडून ठेवलंस. मी "अरे बैला" म्हणून उठलो आणि उभ्याउभ्याच थांबलो. फळीवर ओळीनं काय होतं? पहिल्याचं हँडल, पहिल्याची बटणं, दुसऱ्याचं हँडल, दुसऱ्याची बटणं. मधली दोन घेतली तर बटणं डाव्या हाताला येत होती आणि हँडल उजव्या. बटणांना माझी डावीची पाचही बोटं होती. हँडल ढकलायला बोटं लागत नाहीत, तळवा पुरतो. मी तुझ्याकडे बघितलं. तू डोकं खाजवत म्हणालास, "काय झालं? चुकलं व्हय?"

हँडलचा गोळा लहान पडत होता, तर तू टेंपोच्या गिअरची मूठ आणून बसवलीस. त्या रविवारी मी आणि आर्यन पहिल्यांदा समोरासमोर खेळलो, तो रिमोटवर आणि मी खोक्यावर. त्यानं मला सात वेळा मारलं. आठव्यांदा मी त्याला मारलं, तर पठ्ठ्या आजीला सांगायला स्वयंपाकघरात पळाला, "बाबांनी मला हाणलं, बाबांनी मला हाणलं!" आई घाबरून बाहेर आली. अक्षता भाकरी थापता थापता रडत होती आणि हसतही होती.

पुढचं तुला माहीत आहे. डाव्या हाताला गन धरता येते म्हटल्यावर मी शेजाऱ्यांचे रेडिओ खोलले, मग मिक्सर, मग एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगच्या कामाला लागलो. आज माझ्या हाताखाली पाच जण आहेत. आम्ही प्रेस मशिनींना सुरक्षेची बटणं बसवून देतो. लोक विचारतात, हे कुठं शिकलात? मी सांगतो, घरी, एका खोक्यावर.

आता बाळासो. तो आमच्या कारखान्यात माल घेऊन आला होता. ओळख निघाली, जुन्या दुकानांचा विषय निघाला. मी सहज म्हणालो, तुमच्याकडेही तो मिरजेचा मेकॅनिक यायचा काय? तो हसायला लागला. "मिरजेचा कुठला? विजयसिंहच की! इचलकरंजीपासून निपाणीपर्यंत सगळ्या मशिनी त्योच दुरुस्त करायचा. बोर्डाचं काम असं सुबक करायचा, सोनार झक मारंल." आणि मग कारणही सांगितलं. मालकाला मशीन उघडता येते असं कळलं की पोरं मागं लागतात, गेम सोपा करा, जास्तीची लाइफ द्या. म्हणून तुम्ही दुकानवाल्यांनी मिरजेत एक खोटाच मेकॅनिक राहायला ठेवला होता.

सोनार झक मारेल असं काम करणारा माणूस माझ्यासमोर महिनाभर पोवटे टाकत बसला. माझ्या शिव्या खात बसला. तारांचा तो शेवटचा घोळ तर तू घरून ठरवूनच आला असशील, पण तो सापडू दिलास मला. विजू, मी त्या दिवशी बाळासोला चहा पाजला आणि मशीनच्या आडोशाला जाऊन रडलो. माझ्यावर उपकार पुष्कळांनी केले. पण उपकार झालाय हे मला पाच वर्षं कळू न देणारा तू एकटा. तुला 'धन्यवाद' म्हटलं तर तू मला हाणशील. तरी म्हणतो. मनापासून.

आणि आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. हात गेला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, प्रेस आपोआप पडली. तुलाही तेच. खोटं होतं ते, विजू. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच ती पडते, म्हणजे हात आत राहूच नये. काम लवकर उरकावं म्हणून उजव्या बटणात मी स्वतः लाकडाची खपली ठोकून ते दाबलेलंच ठेवलं होतं, म्हणजे उजवा हात मोकळा. सगळेच ठोकायचे, कुणी अडवायचं नाही, पण त्या दिवशीची खपली माझी होती. भिंतीकडे तोंड करून मी बसायचो ते हाताच्या दुःखानं कमी, या शरमेनं जास्त. आज तुला सांगतोय, कारण आमच्या शेजारच्या कारखान्यात यल्लव्वा म्हणून एक बाई आहे, सव्वीस वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी तिचाही उजवा हात तसाच गेला. ती कुणाशी बोलत नाही, पोरीला जवळ घेत नाही. मी भेटायला गेलो तर मान खाली घालून एकच म्हणाली, "आपोआप पडली." ते शब्द मी ओळखतो. तिच्याजवळ बसून मला माझी खपली सांगायची आहे. आणि तिला सांगायच्या आधी ती तुला सांगितली नसती, तर मला तुला तोंड दाखवता आलं नसतं. तीस तारखेला रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. तिचं शिलाई मशीन डाव्या हातानं चालेल असं करायचं माझ्या मनात आहे. पण मला सगळं येतं हे आता अख्ख्या एमआयडीसीला माहीत झालंय, माझ्यासमोर ती हात पुढं करायची नाही. तिथं ज्याला काहीच येत नाही असा माणूस पाहिजे, आणि तसा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. म्हशींच्या धारा वहिनींवर सोपव आणि ये.

तुझाच,
पश्या