जुनी प्रत

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! सामान अजून खोक्यांत आहे, चहाचं गाळणं कुठल्या खोक्यात गेलं ते देव जाणे, पण घर फक्कड आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं आणि माझी चिमणी, वय वर्षं सहा, त्या खिडकीतून हलायला तयार नाही. नवरा आठवडाभर आधी येऊन सगळं लावून बसलाय. म्हणजे टीव्ही लावून बसलाय, बाकीचं माझ्यासाठी राखून ठेवलंय.

ऑफिसही झकास. पहिल्याच दिवशी फोटो, बोटांचे ठसे, आवाज, सगळं घेतलं. वर लांबलचक मुलाखत. राग आला की काय करता? म्हटलं, आधी ओरडते, मग मुकाट्यानं कपड्यांच्या घड्या घालत बसते. तुम्हाला सगळ्यांत चांगलं कोण ओळखतं? म्हटलं, लेक; नवऱ्याला माझी चप्पलसुद्धा ओळखू येत नाही. शेवटी विचारलंच, नोकरी देताय की सोयरीक जुळवताय? मुलाखत घेणाऱ्या मॅडम हसल्या. आमच्याकडे कुणाच्या नसण्यानं काम अडत नाही, म्हणाल्या.

५ फेब्रुवारी
कामाचं स्वरूप कळलं. कंपनीचे खंडीभर जुने सर्व्हर काढून टाकायचे आणि त्यांचं काम दोन मोठ्या सर्व्हरांवर आणायचं. एकेका सर्व्हरच्या पोटात मग ढीगभर आभासी यंत्रं, म्हणजे संगणकातले संगणक, नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचंच आहे. हा संसार सांभाळणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं.

निवडून निवडून दोन उरलीत. एकाला मी सासूबाई म्हणते: कामाला चोख, शिस्त कडक, पण ऊठसूट परवानगी मागा. दुसरं म्हणजे जाऊबाई: हसतमुख, चटपटीत, पण बिघडलं की तुमचं तुम्ही निस्तरा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, जाऊबाईच घे, घरात शांतता राहील.

१० फेब्रुवारी
आज मजा आली. चालू यंत्र एका खोलीतल्या सर्व्हरवरून दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर हलवून बघायचं होतं, काम न थांबवता. मॅडम म्हणाल्या, तुमचंच घ्या. माझ्या नावाचं एक यंत्र तयारच होतं, माझा फोटो, आवाज आणि त्या मुलाखतीसकट. मला काय, घेतलं. त्याला एक पत्र टाइप करायला लावलं आणि मध्येच हलवलं. जुन्या जागी पत्र शब्दाच्या मध्यात थांबलं आणि नव्या जागी पुढच्या अक्षरापासून सुरू झालं. मी तर टाळीच वाजवली!

मग मुद्दाम दोन खोल्यांमधली तार काढली. झाला घोळ. दोन्हीकडे त्याच यंत्राची एकेक प्रत चालू, आणि दोघींना वाटतंय दुसरी मेली. असं चालू राहिलं तर दोघी एकाच फाइलीत लिहून सगळ्याचा विचका करतात. म्हणून तिसरा एक साक्षीदार ठेवतात; तो जिला ओळखेल ती खरी. सासूबाई अशा वेळी दोघींनाही थांबवून माणसाला विचारतात. जाऊबाई साक्षीदार नेमून मोकळ्या होतात, आणि त्यानं नवीला ओळखलं की जुनीला तिथल्या तिथे बंद करतात.

मी जाऊबाईंच्या बाजूनं कौल दिला. अहवालात लिहिलं, ‘जुनी प्रत न विचारता बंद करावी. याचा त्रास कुणालाच होत नाही.’ मॅडमना ते वाक्य फार आवडलं.

१२ फेब्रुवारी
अहवाल मंजूर! सगळीकडे जाऊबाई बसवल्या. खुशीत घरी आले तर नवरा म्हणाला, अगं, परत कुठे गेली होतीस? मघाशी तर आलीस. म्हटलं, चेष्टा पुरे. पण खोकी सगळी रिकामी झाली होती. गाळणं खिळ्यावर लटकत होतं.

चिमणीच्या दोन वेण्या मी सकाळी घातल्या होत्या. आता एकच होती, छान घट्ट. कुणी घातली विचारलं तर म्हणाली, तूच की.

१४ फेब्रुवारी
चेष्टा नाही. नवरा शपथेवर सांगतो की शाळेतून चिमणीला रोज मीच आणते. त्या वेळी मी ऑफिसात असते! त्याच्यावर ओरडले. तो गोंधळून म्हणाला, हल्ली तू किती शांत झाली होतीस. कपाट उघडलं. सगळ्या कपड्यांच्या घड्या. माझ्यासारख्याच, बाह्या आत मुडपून.

चिमणीनं विचारलं, आई, तू सकाळची का संध्याकाळची? संध्याकाळची तिला आवडते. ती ओरडत नाही.

आज मीही ओरडणार नाही. अजिबात नाही.

१७ फेब्रुवारी
ऑफिसचं दार माझ्या कार्डानं उघडेना. पहारेकरी म्हणाला, बाई मघाशीच आत गेल्यात. काचेतून पाहिलं. माझ्या खुर्चीवर माझीच पाठ. माझाच अंबाडा.

मॅडमना फोन केला. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, तुम्ही त्यातल्या कुठल्या?

रडले. हात जोडले, फोनवर कुणाला दिसतात हात, तरी जोडले. म्हटलं, बंद करा हे, मला माझं घर द्या. त्या म्हणाल्या, न विचारता बंद करा असं तुम्हीच लिहिलंत ना? उद्या ओळख पटवून घेऊ, शाळा सुटताना. साक्षीदार तर तुम्हीच सांगितला होता.

चिमणी. मुलाखतीत मी चिमणीचं नाव सांगितलं होतं.

घरी आले तर दार आतून बंद. आत हसण्याचा आवाज. बेल वाजवत राहिले, वाजवत राहिले — कुणीच —

१८ फेब्रुवारी
शाळेच्या फाटकासमोर, बाकावर. लिहीत राहते. लिहितेय म्हणजे मी आहे.

ती पलीकडे उभी. हातात चिमणीची पाण्याची बाटली. मी बाटली आणायची विसरले — कुठून आणणार, दार —

ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

घंटा झाली. पोरं बाहेर येतायत. चिमणे, इकडे बघ. मी तुला जन्म दिलाय गं, घड्या काय कुणीही घालतं —

आली. थांबली. दोघींकडे बघतेय. माझ्याकडे — माझ्याकडेच येतेय! देवा —

जवळ आली. रडू नका काकू, म्हणाली.

काकू.

आणि वळली. धावतेय तिच्याकडे. हात पसरून.

त्रास कुणालाच होत नाही असं मी लिहिलं होतं. होतो. चिमणे, होतो गं, फार त्रा