पाकिटावरची तुदा

प्रति,
मा. कायदसाहेब, स्थानिक प्रशासक,
कायद कचेरी, इघिल, दादेस खोरे.

अर्जदार : बास्सू आयत हम्मू, राहणार इघिल. काम : कारखान्याच्या सौरपट्ट्यांवरची धूळ पुसणे.
अर्जलेखक : अल-मदनी ताहिरी, बैठक कचेरीच्या फाटकाबाहेर, अंजिराच्या झाडाखाली.

विषय : उन्हाच्या पिठाच्या पाकिटावरून मयत मुलीचे छायाचित्र काढण्याबाबत पूर्वी केलेला अर्ज मागे घेण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा गेल्या हिवाळ्यातील अर्ज आणि त्यावर आपण दिलेला आदेश.

महोदय,

१. अर्जदार बास्सू याने गेल्या हिवाळ्यात आपल्याकडे एक अर्ज केला होता. तो आपण मान्य केलात, आणि इतक्या तातडीने केलात की फाटकाबाहेर बसणारे आम्ही सगळे चकित झालो. त्याबद्दल त्याची तक्रार नाही. परंतु तो अर्ज मान्य झाल्यामुळेच पुढची सर्व हकीकत घडली असल्याने ती आपल्या कानावर घालणे भाग आहे. बास्सूला लिहिता येत नाही. तो सांगतो तसे मी लिहीत आहे.

२. बास्सू आणि त्याची बायको इत्तो यांना एकच मुलगी होती, तुदा. गावाच्या वरच्या अंगाला, जिकडे बकऱ्यासुद्धा फिरकत नसत त्या माळावर सौरपट्ट्या बसल्या आणि कारखाना उभा राहिला, तेव्हा ती नुकती चालायला लागली होती. कारखान्यात काय चालते ते आपण जाणताच. उन्हाच्या विजेने पाण्यातला वायू वेगळा काढतात, तो पोलादी टाक्यांत सोडतात, त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव पोसले जातात, आणि ते वाळवले की मांसाच्या तोडीचे कसदार, पिवळसर पीठ मिळते. कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक आहे. गावात त्याला उन्हाचे पीठ म्हणतात. सुरुवातीला बायका ते घरात घेईनात. मग सुक्या बाकल्याच्या दाण्यांच्या पातळ सुपात मूठभर घातले तर चव बिघडत नाही आणि मुले दुपारपर्यंत भूक म्हणत नाहीत, असे दिसल्यावर घेऊ लागल्या. बास्सूला कारखान्यात पट्ट्या पुसण्याचे काम मिळाले आणि घराला स्थैर्य आले, हेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

३. पिठाची विक्री वाढवायची म्हणून कारखान्याच्या सलवाबाई कासाब्लांकाहून आल्या. त्यांनी शाळेच्या आवारात मुलांची छायाचित्रे काढली आणि त्यांतून तुदाचे निवडले. पुढचे दात पडलेले, हातात सुपाचा वाडगा, हनुवटीला सूप लागलेले, आणि हसू असे की बघणाऱ्यालाही हसू यावे. बास्सूने संमतीपत्रावर आनंदाने अंगठा दिला. पुढे पीठ मराकेशला गेले, बंदरांवर गेले, समुद्रापलीकडे गेले, आणि जिथे पीठ तिथे तुदा. मार्सेयला राहणाऱ्या इत्तोच्या चुलतभावाने निरोप धाडला होता, की तुमची पोर आमच्या गल्लीतल्या दुकानात बसली आहे. तुदाला स्वतःला याचे विशेष काही वाटत नसे. कोणी पाकीट दाखवून विचारले तर ती सांगायची, "ही मी नाही. ही माझी बहीण. ती कामाला जाते, मी शाळेत."

४. त्यानंतरच्या शरदात तुदाचा घसा दुखला. मग गुडघे सुजले. मग तिला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. आरोग्य केंद्राने शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगितले. घसादुखीच्या जुन्या तापांनी हृदयाची झडप आधीपासूनच खराब होत आली होती. घाटात, गाडीतच, इत्तोच्या मांडीवर तिने प्राण सोडला. अर्जदार येथे स्पष्ट करू इच्छितो की तिच्या मृत्यूशी पिठाचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु पाकिटावरची पोर पीठ खाऊन गेली, असे बाजारात बोलले जाऊ लागले. कारखान्याने बास्सूला तसे नाही म्हणून जबाब देण्याची विनंती केली. त्याने दिला, कारण ते खरे होते. जबाब देऊन झाल्यावर तो नेहमीप्रमाणे पट्ट्या पुसायला गेला.

५. पहिला अर्ज का केला, तेही सांगितले पाहिजे. बाजारात रिकाम्या पाकिटांचा उपयोग लोक वाटेल त्याला करतात. कोणी त्यात खिळे बांधून देतो, कोणी ऑलिव्ह. एका खाटकाने बास्सूच्या देखत त्यात काळीज गुंडाळून दिले. वाऱ्याने उडालेली पाकिटे कुंपणाच्या काट्यांना अडकत. बास्सू ती वेचायचा, हाताने सपाट करायचा आणि अंगातल्या जेलाब्याच्या, म्हणजे लांब झग्याच्या, पाठीवरच्या टोपात ठेवायचा. एका ओळखीच्या उंटवाल्याने विचारले, "काय रे बास्सू, कागदं गोळा करायचा धंदा काढलास की काय?" त्याला तुदा गेल्याचे माहीत नव्हते, कळल्यावर तो बिचारा घरी येऊन रडून गेला. कामावर तर सुटका नव्हतीच. संध्याकाळी खोकी भरत, आणि प्रत्येक खोक्यातून तीच हसायची. एके दिवशी एक खोके फुटून पाकिटे रस्त्यावर पसरली, आणि मागून येणारा मालट्रक त्यांच्यावरून गेला. बास्सू तसाच ब्रश टाकून माझ्यापाशी आला. "लिहा," तो म्हणाला, "गेलेल्या पोरीला इतकं फिरवू नये." मी तेच वाक्य कचेरीच्या भाषेत लिहिले.

इत्तोला त्याने यातले काही सांगितले नाही. तिला आणखी त्रास नको, एवढाच त्याचा विचार होता.

६. आपला आदेश झाला. कारखान्याने हुज्जत घातली नाही. सलवाबाई स्वतः रिवाजाप्रमाणे साखरेचा शंकूसारखा मोठा खडा घेऊन बास्सूला भेटायला आल्या, कारखान्याच्या दारातच भेटल्या, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. वसंतापर्यंत सगळी पाकिटे बदलतील, उरलेली यंत्रात घालून बारीक करू, असे त्यांनी सांगितले. बास्सूने त्यांचे आभार मानले. त्या दिवशी त्याला बऱ्याच महिन्यांनी नीट जेवण गेले, असे तो सांगतो.

७. आता जे त्याला माहीत नव्हते ते. इत्तो रोज सकाळी लहसनच्या किराणा दुकानात जात असे. बास्सूला वाटे, पुदिन्याला जाते. पुदिना ती आणायची, पण आधी पिठाच्या फळीसमोर उभी राहायची. लहसनने पुढची ओळ तोंडे बाहेर करून लावून ठेवलेली असायची; तो तिच्याशी काही बोलत नसे, गिऱ्हाइकाला थांबवून धरत असे. "उठलीस का गं?" इत्तो विचारायची. मग ओढणीच्या टोकाने पाकिटांवरची धूळ पुसायची, ओळ सरळ करायची आणि घरी यायची. कोणी तिच्यासमोर पाकीट उचलले तर तिला वाईट वाटत नसे. ती नुसते म्हणायची, "घरी बसव तिला, पिशवीत उपडी नको टाकूस." बायकाही तसेच करायच्या. कोणाच्या चुलीजवळ, कोणाच्या कोनाड्यात तुदा बसलेली असायची, आणि इत्तो ज्या घरी जाईल तिथे ती भेटायची.

एके सकाळी ती दुकानात गेली तर पूर्ण ओळ बदललेली होती. पाकिटावर दुसरीच मुलगी होती, गोल चेहऱ्याची, केसांना लाल फीत बांधलेली. तिने लहसनला विचारले. तो म्हणाला, "मावशी, वरूनच असं आलंय. कुणीतरी अर्ज दिला म्हणतात."

ती घरी आली तेव्हा बास्सू भाकरी खात होता. कोणी दिला असेल अर्ज, असे तिने त्यालाच विचारले. तिला खरोखरच माहीत नव्हते. बास्सूने हातातला तुकडा खाली ठेवला. तो म्हणाला, "मी दिला."

इत्तो रडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. बास्सू म्हणाला, की फोनमध्ये तिचे फोटो आहेत, हवे तेवढे आहेत. त्यावर ती म्हणाली, "फोनमध्ये ती मी काढीन तेव्हा येते. तिथं ती आपली आपण असायची. चार लोकांत असायची. मला विचारायचं होतंत एकदा."

तेव्हापासून ती दुकानात गेलेली नाही. स्वयंपाक करते, झाडलोट करते, विचारले तेवढे बोलते. मात्र सकाळी त्या वेळेला ओढणी घेऊन दाराशी येते, आणि कुठे जायचे ते आठवत नसल्यासारखी उभी राहते. बास्सू कामाला निघताना तिच्या शेजारून जातो. काय बोलावे ते त्याला सुचत नाही, असे त्याने मला सांगितले, आणि हे लिहू नका असेही सांगितले. मी लिहिले आहे, कारण याशिवाय अर्ज समजणार नाही.

८. तरी विनंती, की पूर्वीचा अर्ज रद्द समजून तुदाचे छायाचित्र सर्व पाकिटांवर पूर्ववत छापण्याचे आदेश व्हावेत. सर्व पाकिटांवर शक्य नसल्यास या खोऱ्यात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर छापावे. तेही शक्य नसल्यास फक्त इघिल गावापुरते. तेवढेही नियमात बसत नसेल तर बारीक करण्यासाठी ठेवलेल्या जुन्या पाकिटांतून लहसनच्या दुकानातली एक ओळ भरेल इतकी, रिकामी का असेनात, द्यावीत. अर्जदार त्यांत वाळू भरून ती उभी करील. कोणाला विकणार नाही.

९. येथवर लिहून झाल्यावर रिवाजाप्रमाणे मी अर्ज वाचून दाखवला. इत्तो आज बास्सूबरोबर आली आहे. लिहीत असताना ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून बसली होती. वाचन संपल्यावर तिने तोंड न फिरवता विचारले, "ती दुसरी कोण?"

बास्सूला ठाऊक नव्हते. दुसऱ्या खोऱ्यातली कोणी मुलगी असेल, तो म्हणाला.  इत्तो उठून आमच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तिला काढू नका. तिची आईही कुठल्या तरी दुकानात जाऊन बघत असेल."

वरील कलम आठ त्यामुळे खोडले आहे. नवा कागद घेऊन पुन्हा लिहितो असे मी म्हणालो, पण तिने नको म्हटले. खाडाखोडीच्या शेजारी दोघांचे अंगठे आहेत. त्यानंतर इत्तोने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देत आहे :

"फोटो काढायच्या दिवशी मी शाळेत होते. गाल लाल दिसावेत म्हणून सलवाबाईंनी पोरांना अंगणात पळायला लावलं. त्यांचं काही चुकलं नाही, पोरं पळतातच. बाकीची पळून आली आणि दंगा करायला लागली. माझी आली ती भिंत धरून उभी राहिली. मला वाटलं, हौसेनं दम लागलाय. मी तिच्या कपाळावरची बट सारखी केली आणि तिला पुढं ढकललं. या नव्या पोरीलाही पळायला लावलं असेल. तर तिची छाती एकदा डॉक्टरांनी ऐकावी. नीट, कान लावून. आणि तिचं नाव काय आहे ते मला कळवावं."

तेव्हा आता या अर्जात मागणी एवढीच उरते, की कारखान्यामार्फत सदर मुलीचा शोध घेऊन तिची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि तिचे नाव अर्जदाराच्या घरी कळवण्यात यावे. आडनावाची आवश्यकता नाही. नाव कळल्यास मी पुन्हा दुकानात जाईन, असे इत्तो म्हणते. फळीसमोर उभे राहून त्या मुलीला काय म्हणून हाक मारायची ते तिला कळत नाही, आणि नुसतेच बघून परत येणे तिला बरे वाटत नाही.

आपल्या फाटकाबाहेर उत्तराची वाट पाहत असलेले,
नम्र अर्जदार

(डाव्या हाताचा अंगठा) बास्सू आयत हम्मू
(डाव्या हाताचा अंगठा) इत्तो, बास्सूची पत्नी, तुदाची आई

इघिल,
दिनांक : ११ मे २०३२